थरमंड : गाड्या थांबायच्या तोवरचं गाव

रूळवाट (धागाकर्ता)

अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात न्यू रिव्हरच्या घळीत थरमंड नावाचं गाव आहे. १९३०च्या जनगणनेत तिथे ४६२ माणसं होती, २०२०च्या जनगणनेत ५. खाण संपली आणि गाव उठलं, अशी गावं तिकडे ढिगाने सापडतात. पण थरमंडची मुख्य लाइन बंद पडलेली नाही. गाड्या आजही गावाच्या मधोमध धडधडत जातात, फक्त सहसा थांबत नाहीत. म्हणून हा धागा.

आधी घटनाक्रम. चेसापीक अँड ओहायो (पुढे सी अँड ओ) कंपनीची लाइन घळीतून १८७३ साली पूर्ण झाली. त्याच वर्षी कॅप्टन डब्ल्यू. डी. थरमंड यांना जमीन मोजणीच्या कामाचा मोबदला म्हणून तिथली ७३ एकर जागा मिळाली. पुढची पंधरा-वीस वर्षं तिथे सांगण्यासारखं काही घडलं नाही. मग नदीवर पूल झाला, पलीकडच्या डनलूप ओढ्याच्या खोऱ्यातली खाणींची शाखा मुख्य लाइनला येऊन मिळाली, आणि ती जिथे मिळाली ते ठिकाण जंक्शन झालं. १९०१ साली नदीपलीकडे 'डन ग्लेन' हे मोठं हॉटेल उभं राहिलं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत दिवसाला १५ प्रवासी गाड्या आणि स्थानकातून वर्षाला ९५ हजारांपर्यंत प्रवासी, असा पसारा होता. दोन बँका होत्या. रस्ता मात्र नव्हता. दुकानांच्या पायऱ्या उतरल्या की पाय थेट रुळांवर.

उतरणीचे टप्पे असे: १९२१ साली मोटारीचा रस्ता आला, १९३० साली डन ग्लेन जळालं, १९३१ साली एक बँक बंद पडली, आणि १९५०च्या दशकात वाफेची इंजिनं गेली. यातल्या नेमक्या कशाने गाव गेलं, यावर जाणकारांनी लिहावं. हळहळ नको, कामकाज कसं चालायचं ते हवं.

वाफाळ

जंक्शनचं गाव म्हणजे वाफेच्या इंजिनाच्या गरजांची यादी. त्यातली एकेक गरज एकेका घराची चूल पेटवत असते, त्यामुळे सुरुवात यादीपासूनच करू.

पहिली गरज पाण्याची. एक किलो कोळसा बॉयलरमध्ये साधारण ६ ते ८ किलो पाण्याची वाफ करतो. टेंडरमध्ये (इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा) १५ टन कोळसा धरला तर तो जळेपर्यंत शंभरेक टन पाणी लागणार. टेंडरमध्ये पाणी मावतं १०,००० अमेरिकन गॅलन, म्हणजे ३८ टन. थोडक्यात, एका कोळशाच्या भरण्यात पाणी तीनदा भरावं लागतं. मालगाडीच्या वाटेवर पाण्याची टाकी जागोजागी आणि इंजिनात कोळसा भरायचा मनोरा क्वचित दिसायचा, त्याचं कारण हे गणित.

दुसरी गरज राख काढण्याची. कोळशातली माती आणि खनिजं वितळून जाळीवर चिकटतात, त्याला क्लिंकर म्हणतात. थर वाढला की जाळीतून हवा वर येत नाही, विस्तव मंद होतो, दाब पडतो आणि गाडी चढावर अडकते. म्हणून काही तासांच्या कामानंतर इंजिन राखखड्ड्यावर घ्यावंच लागतं. तिथली पद्धत ठरलेली: आधी बॉयलरमधलं पाणी वरच्या पातळीवर आणायचं, मग चांगला विस्तव एका बाजूला सारायचा, उघड्या पडलेल्या जाळीवरचं क्लिंकर लांब पहारीने फोडून खाली पाडायचं, विस्तव परत पसरून दुसरी बाजू साफ करायची, शेवटी राखपेटी रिकामी करून खड्ड्यातल्या निखाऱ्यांवर पाणी मारायचं. पाणी आधी भरून घेण्याला कारण आहे. विस्तव पाडल्यावर थंड पाणी आत ढकललं तर नळ्यांची टोकं आकसतात आणि गळायला लागतात. एका इंजिनाला अर्धा ते एक तास जातो, आणि ते काम करणारी माणसं चालक-फायरमनपेक्षा वेगळी असतात.

तिसरी गरज वाळू. चढावर आणि ओल्या रुळावर चाकं घसरू नयेत म्हणून वाळू सोडतात. ती चाळून भट्टीवर कोरडी करावी लागते, नाहीतर नळीत गोळा होऊन बसते. म्हणजे वाळू वाळवायची शेड आणि तिथे एक माणूस.

चौथी गरज बॉयलर धुण्याची, आणि सगळ्यात जास्त हात तिलाच लागतात. अमेरिकेत १९११ च्या कायद्यानंतर बॉयलरची तपासणी संघराज्याच्या निरीक्षकांकडे गेली. पाणी कसं आहे त्यानुसार हवा तितक्या वेळा, पण महिन्यातून एकदा तरी बॉयलर धुतलाच पाहिजे, असा नियम होता. वाफ सोडायची, बॉयलर हळूहळू निववायचा (घाई केली की स्टेबोल्टला, म्हणजे बॉयलरचे आतले-बाहेरचे पत्रे धरून ठेवणाऱ्या बोल्टला, तडे जातात), धुण्याची बुचं काढायची, जोराच्या फवाऱ्याने क्षार आणि गाळ काढायचा, प्रत्येक स्टेबोल्टवर हातोडीने टकटक करून आवाजावरून तुटका ओळखायचा, बुचं परत घट्ट करायची, पाणी भरायचं, पेटवायचं. मोठं इंजिन थंड अवस्थेतून तयार व्हायला ६ ते ८ तास सहज जातात.

आता गाव मोजा: बॉयलरमेकर, त्याचा मदतनीस, मेकॅनिक, राखवाला, कोळशाच्या मनोऱ्यावरचा, वाळूवाला, रात्री विस्तव राखणारा, इंजिन शेडमधल्या शेडमध्ये हलवणारा हॉस्टलर. तीन पाळ्या. प्रत्येकाचं बिऱ्हाड.

चौकस

पाणी तीनदा भरायचं हे पटलं. पण न्यू रिव्हर तर शेजारूनच वाहतेय. मग पाणी कुठेही घेता आलं असतं की. थरमंडच का?

वाफाळ

@चौकस, पाणी हवं तिथे घेता येत नाही. उपसायला पंप लागतो, पंपाला माणूस लागतो. नदी गढूळ झाली की पाणी मुरायला मोठी टाकी लागते. पाणी जड असेल तर चुना आणि सोडा घालून क्षार खाली बसवावे लागतात. सोडा जास्त झाला तर बॉयलरमध्ये फेस येतो, पाणी वाफेबरोबर सिलिंडरमध्ये जातं, आणि पाणी दाबलं जात नसल्यामुळे सिलिंडरचं झाकण उडू शकतं. हा सगळा खर्च एकदा एका जागी केला की इंजिनं तिथेच आणणं परवडतं. शिवाय शाखेवरचं इंजिन दिवसातून दोनदा त्याच ठिकाणी येणार असेल, तर ती जागा आपोआप ठरते.

सांधेवाला

वाफाळ यांनी इंजिनाचं सांगितलं, मी वाघिणींचं (मालडब्यांचं) सांगतो. खाणीच्या शाखेच्या तोंडाशी असलेल्या यार्डाचा दिनक्रम मुख्य लाइनवरच्या यार्डापेक्षा वेगळा असतो.

सकाळी यार्डातून रिकाम्या वाघिणींची रांग घेऊन इंजिन खोऱ्यात वर जातं. प्रत्येक खाणीच्या टिपलखाली (कोळसा चाळून वाघिणीत सोडणारा सांगाडा) तिला ठरवून दिल्या असतील तितक्या वाघिणी सोडायच्या. त्या चढाच्या बाजूला लावतात, म्हणजे खाणकामगार नुसता ब्रेक सैल करून एकेक वाघीण उताराने खाली ओढून भरू शकतो. परतताना भरलेल्या वाघिणी जोडत खाली यायचं. खोऱ्यातले चढ असे, की रिकाम्या वर ओढण्यापेक्षा भरलेल्या खाली धरून ठेवणं जास्त अवघड. माथ्यावर गाडी थांबवून ब्रेकमन वाघिणींच्या रिटेनर झडपा वळवतो, त्यामुळे चालकाने ब्रेक सोडले तरी ब्रेक-सिलिंडरमध्ये थोडा दाब टिकून राहतो. हे विसरलं तर हवा पुन्हा भरायच्या आत गाडी हाताबाहेर जाते. खाली पोचल्यावर चाकं तापलेली असतात, तेव्हा निवण्यासाठी थांबणं आलंच.

यार्डात भरलेल्या वाघिणींची दोन भागांत वाटणी: पूर्वेकडे न्यूपोर्ट न्यूजच्या बंदराला जाणाऱ्या, आणि पश्चिमेकडे पंचमहासरोवरांच्या बाजूला जाणाऱ्या. कोळशाची जात आणि घेणारा पाहून पुन्हा पोटविभागणी. ही सगळी ढकलाढकल करायला यार्डाचं वेगळं इंजिन, सांधे बदलणारे, जोडणी करणारे, चिठ्ठ्या लावणारा कारकून.

त्यात चाकांच्या बेअरिंगचं काम. तेव्हाच्या वाघिणींना साधी बेअरिंग होती. आसाच्या टोकाशी एक पेटी, तिच्यात तेलात भिजवलेला सुताचा चोथा, आणि तो चोथा फिरत्या आसाला तेल चाटवत राहणार. चोथा सरकला किंवा सुकला की आस तापतो, धूर येतो, वेळेत लक्ष गेलं नाही तर आस तुटून गाडी घसरते. म्हणून प्रत्येक यार्डात तपासनीस एकेका पेटीचं झाकण उचलून आत पाहायचे, तेल ओतायचे, चोथा सारखा करायचे. एका वाघिणीला आठ पेट्या, ५० वाघिणींना ४००. हिवाळ्यात रात्री कंदील घेऊन.

हिशेबनीस

सी अँड ओच्या सगळ्या स्थानकांत थरमंडचं मालवाहतुकीचं उत्पन्न सर्वांत जास्त होतं, हे वाक्य कुठेही वाचायला मिळतं, आणि वाचून लोक चकित होतात. त्यात चकित होण्यासारखं काही नाही. शाखेवरच्या खाणींचा कोळसा हिशेबात जंक्शनच्या नावावर चढायचा. भाडं लांबच्या बंदरापर्यंतचं, नोंद इथली. तो पैसा गावात राहत नव्हता. गावात राहायचे ते पगार. त्यामुळे उत्पन्नाचा आकडा बघून गावाची श्रीमंती मोजू नये.

दुसरं, धाग्याच्या विषयाशी थेट संबंध असलेलं. अमेरिकन रेल्वेत तेव्हा मालगाडीवरच्या माणसाचा एक दिवसाचा पगार म्हणजे १०० मैल किंवा ८ तास (१९१६ च्या अॅडमसन कायद्यापासून ८ तास), यांतलं जे आधी पूर्ण होईल ते. त्यापुढे जादा. म्हणून कंपन्या इंजिन आणि माणसं बदलायची ठिकाणं साधारण शंभर मैलांच्या हिशेबाने पाडायच्या. देशभर अशी ठरावीक अंतरावरची गावं दिसतात ती यामुळे. १९०७ च्या कायद्याने सलग १६ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नसे. पुढे ही मर्यादा १२ तासांवर आली.

नकाशेबाज

एक दुरुस्ती, वाचणाऱ्यांचा गोंधळ होऊ नये म्हणून. थरमंड हे शंभर मैलांच्या हिशेबातलं ठिकाण नव्हतं. मुख्य लाइनवरची माणसं बदलायची ती हिंटन आणि हँडलीला. थरमंड या दोन्हींच्या मधे, आणि ते जगत होतं शाखेवरच्या फेऱ्यांवर. हा फरक महत्त्वाचा आहे. हिंटनसारख्या गावाला मुख्य लाइनची सगळी रहदारी पोसते, थरमंडसारख्याला फक्त खोऱ्यातल्या खाणी. एक पाय कमी असलेली तिवई म्हणा.

आता जागेबद्दल. इंजिनाचं तोंड फिरवायला दोन उपाय असतात, तिकोन (त्रिकोणात टाकलेले रूळ, ज्यांवर पुढे-मागे करून इंजिन वळतं) किंवा टर्नटेबल (खड्ड्यातला गोल फिरणारा रुळांचा पूल). तिकोनाला फिरणारे भाग नाहीत, बिघडण्यासारखं काही नाही, पण १०० मीटर त्रिज्येची वळणं धरली तर लाइनच्या बाजूने २०० मीटर, आत १०० मीटर, आणि शेपटीला इंजिनाच्या लांबीइतकी आणखी जागा, तीही सपाट. टर्नटेबल ३० मीटर व्यासाच्या खड्ड्यात बसतं. पण ते जपावं लागतं. इंजिन मधल्या खुंटावर तोलून उभं केलं नाही तर हलत नाही, खड्ड्यात पाणी साचून गोठलं तर तासन्‌तास बंद, आणि ते अडलं की त्यामागची शेडमधली सगळी इंजिनं अडकून पडतात.

घळीत सपाट जागाच नाही. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नदी, मधे रूळ आणि घरांची एक ओळ. रेल्वे गेल्यावर दुसरं काही उभारायचं म्हटलं तर कुठे? शेत नाही, गोदामाला पटांगण नाही. गावात येणारी मोटारही रेल्वेच्याच पुलाला जोडलेल्या एका अरुंद मार्गिकेवरून येते. समोरून दुसरी आली तर एकाने थांबायचं.

चौकस

इंग्लंडमध्येही अशी गावं असतील ना? तिथे काय झालं?

नकाशेबाज

नॉरफोकमधलं मेल्टन कॉन्स्टेबल. १८८१ साली शे-सव्वाशे वस्तीचं खेडं. मिडलंड अँड ग्रेट नॉर्दर्न जॉइंट रेल्वेच्या चार लाइनी तिथे येऊन मिळाल्या (किंग्ज लिन, क्रोमर, यारमथ आणि नॉर्विचच्या), कंपनीने कारखाना टाकला, कामगारांसाठी विटांच्या घरांच्या ओळी बांधल्या, आणि वस्ती हजाराच्या वर गेली. तिथले अभियंता विल्यम मॅरियट यांनी सिग्नलचे खांब आणि कुंपणाचे खुंट काँक्रीटमध्ये ओतून घ्यायला सुरुवात केली. ब्रिटनमध्ये अशा ओतीव काँक्रीटच्या सुरुवातीच्या ठिकाणांपैकी ते एक.

१९३६ साली लाइनचा कारभार लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न कंपनीकडे गेला आणि कारखाना बंद झाला. १९५९ च्या फेब्रुवारीअखेर बहुतेक लाइन बंद, उरलेला क्रोमरकडचा तुकडा १९६४ साली. लक्षात घ्या, ब्रिटनच्या प्रसिद्ध बीचिंग अहवालाने २,३६३ स्थानकं बंद करायची शिफारस केली ती १९६३ साली. म्हणजे इथे बीचिंगच्या चार वर्षं आधीच कुऱ्हाड पडली होती.

पण जमीन सपाट. कारखान्याच्या जागेत पुढे छोटे उद्योग आले, घरांत लोक राहिले. रूळ गेले, गाव राहिलं. थरमंडला नेमकं उलट.

हिशेबनीस

मग मूळ प्रश्नाकडे. डिझेलच्या नावाने जितकं खापर फोडतात तितकं फोडू नये असं माझं मत. तारखा बघा: रस्ता १९२१, हॉटेल १९३०, बँक १९३१. तोवर सी अँड ओच्या कोळशाच्या गाड्यांवर एकही डिझेल नव्हतं. रस्ता नव्हता तोवर खोऱ्यातल्या प्रत्येक खाणवस्तीच्या माणसाला बँकेत, दुकानात, कुठेही जायचं तर आगगाडीने थरमंडला उतरावं लागे. रस्ता झाल्यावर तो वरच्या पठारावरच्या गावांत जायला लागला. व्यापाऱ्याला जंक्शन लागतं ते गिऱ्हाइकाला दुसरी वाट नसते तोवरच.

वाफाळ

हिशेबनीस, तारखा बरोबर, निष्कर्ष अर्धा. १९३० साली ४६२ माणसं होती, ती जनगणनेची त्या गावातली सर्वांत मोठी नोंद. म्हणजे रस्ता झाल्यावर नऊ वर्षांनी गाव भरलेलंच होतं. हॉटेल आणि बँक गेली तरी शेड, मनोरा आणि यार्ड चालूच होतं.

रूळवाट

तुम्ही दोघं दोन वेगवेगळ्या गावांबद्दल बोलताय असं वाटतं. एक व्यापाऱ्यांचं थरमंड, जे लोकांच्या येण्याजाण्यावर जगत होतं. ते रस्त्याने, मंदीने आणि आगीने संपलं. दुसरं शेडचं थरमंड, इंजिनांच्या थांबण्यावर जगणारं. ते आणखी वीस वर्षं चाललं. फक्त पहिलं गेल्यामुळे दुसऱ्याला टेकायला काही उरलं नाही. डिझेलबद्दल आता कोणीतरी नीट लिहा.

डिझेलवाला

लिहितो. १९३९ साली जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रो-मोटिव्ह या उपकंपनीने एफटी हे चार युनिटांचं ५,४०० अश्वशक्तीचं प्रात्यक्षिक इंजिन बाहेर काढलं. ते ११ महिन्यांत २० रेल्वेंवर ८३,७६४ मैल फिरलं. लोक त्याच्या ताकदीबद्दल बोलतात. जंक्शनच्या गावांना घातक ठरल्या त्या दुसऱ्या गोष्टी.

एक, पाणी. डिझेलचं पाणी रेडिएटरमध्ये फिरतं, वाफ होऊन जात नाही. वाफाळ यांची पहिली गरज संपली. दोन, राख नाही, म्हणजे राखखड्डा नाही. तीन, बॉयलर नाही, म्हणजे महिन्याची धुलाई नाही, बॉयलरमेकर नाही. चार, एका टाकीत शेकडो मैल. पाच, दोन्ही दिशांना सारखंच चालवता येतं किंवा पाठीला पाठ लावून जोडता येतं, म्हणजे टर्नटेबल नको. सहा, आणि हे फार महत्त्वाचं: वाफेची दोन इंजिनं जोडली तर चालक-फायरमनच्या दोन जोड्या लागतात. डिझेलची चार युनिटं केबलने जोडून एकच चालक हाकतो. चढावर मागून ढकलायला ठेवलेलं इंजिन, त्याची माणसं, त्यांची खानावळ, सगळं रद्द. सात, डायनॅमिक ब्रेक. उतारावर मोटरी जनरेटरसारख्या चालवून वीज छतावरच्या जाळ्यांत जाळायची. चाकं तापणं कमी, त्यामुळे सांधेवाला यांनी सांगितलेलं निवण्याचं थांबणंही कमी.

सुटे भागही बघा. वाफेच्या इंजिनाचा भाग शेडमधल्या लेथवर घडवून, कानशीने घासून बसवावा लागे, कारण दोन इंजिनं कधी तंतोतंत सारखी नसत. डिझेलचा सिलिंडरचा संच उचलायचा आणि तयार दुसरा ठेवायचा. मोठी दुरुस्ती एकाच मध्यवर्ती कारखान्यात. गावोगावच्या शेडला काम उरत नाही.

यात सी अँड ओचा विनोद वेगळाच. कोळसा वाहून पैसा कमावणारी कंपनी, गिऱ्हाइकं कोळशाची, म्हणून ती वाफेला शेवटपर्यंत धरून होती. खाणींच्या शाखांसाठी तिने १९४९ साली बाल्डविन कंपनीकडून २-६-६-२ रचनेची दहा नवी मॅलेट (एका बॉयलरखाली चालत्या चाकांचे दोन संच असलेली) इंजिनं घेतली. त्यातलं शेवटचं, क्रमांक १३०९, हे बाल्डविनने अमेरिकेतल्या रेल्वेसाठी बांधलेलं शेवटचं वाफेचं इंजिन. सात वर्षांत, १९५६ साली, ते कामातून काढलं. ज्या इंजिनाचं आयुष्य तीस-चाळीस वर्षं धरतात ते सात वर्षांत मोडीच्या रांगेत उभं राहिलं, यावरून वेग लक्षात यावा. (हे वाचलं. दुरुस्त होऊन पुन्हा मेरीलँडमध्ये पर्यटकांच्या गाडीला लागलं.)

सांधेवाला

यार्डाकडचीही जोड द्यायला हवी, कारण डिझेल आल्यावरही तपासनीस काही वर्षं होते. त्यांना रोलर बेअरिंगने घालवलं. बंद डब्यातलं ग्रीस, झाकण उचलायचं कारणच नाही. आस तापला की रुळालगतचं यंत्र ओळखतं. गाडी थांबवून ब्रेक तपासायचं अंतर आधी ५०० मैल होतं, ते १९८२ साली १,००० मैल झालं. सिग्नल आणि सांधे दुरून हलवायची केंद्रीय पद्धत तर १९२७ साली ओहायोत सुरू झाली होती. ती जिथे पोचली तिथला स्थानकातला तारबाबू आणि सांध्यांच्या मनोऱ्यातला माणूस उठला.

आणि गार्डचा डबा, म्हणजे कबूस, १९८०च्या दशकात गेला. शेवटच्या कपलिंगवर लटकवलेली दिव्याची पेटी हवेचा दाब रेडिओने इंजिनात कळवते.

हिशेबनीस

डिझेलबाबत मागे घेतो, पण पूर्ण नाही. :)

यावर अभ्यास झालेला आहे, त्यातला एक मुद्दा या धाग्यात यायलाच हवा. समाजशास्त्रज्ञ फ्रेड कॉट्रेल यांनी डिझेलमुळे उठलेल्या वाळवंटातल्या एका रेल्वेगावाचा अभ्यास १९५१ साली प्रसिद्ध केला. नुकसान कुणाचं जास्त झालं, याचं त्यांचं उत्तर चटका लावणारं आहे. ज्यांनी घर बांधलं, दुकानात पैसे घातले, शाळा-चर्चची जबाबदारी घेतली, म्हणजे ज्यांना आपण चांगले नागरिक म्हणतो, ते सगळ्यात जास्त बुडाले. भाड्याच्या खोलीत राहणारा, आज इथे उद्या तिथे असणारा माणूस बॅग उचलून निघून गेला.

यामागे ज्येष्ठतेचे नियम आहेत. गाडीवरच्या माणसाची ज्येष्ठता अख्ख्या विभागात चालते. इथली फेरी बंद झाली तर तो पुढच्या ठाण्यावर जाऊन आपल्यापेक्षा नव्या माणसाची जागा मागू शकतो. शेडमधल्या बॉयलरमेकरची ज्येष्ठता बहुधा त्या शेडपुरती. शेड बंद, की वीस वर्षांची नोकरी शून्य, आणि दुसरीकडे गेला तर यादीत तळाला. त्यातून त्याचं कसब अशा यंत्राचं, जे आता कुणी बांधत नाही. घर विकावं तर घेणारा कोण? सगळा गाव एकाच आठवड्यात विकायला काढतो.

चौकस

थरमंडमध्ये घरांचं काय झालं मग?

रूळवाट

बरीच पडली किंवा पाडली. उरलेल्या इमारतींपैकी बहुतेक राष्ट्रीय उद्यान सेवेकडे गेल्या. घळीचा तो भाग १९७८ पासून संरक्षित, २०२० पासून राष्ट्रीय उद्यान. इंजिन शेड १९९३ साली जळाली. स्थानकाची इमारत १९९५ साली दुरुस्त करून तिथे माहितीकेंद्र केलं. अॅमट्रॅक या अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रवासी रेल्वेची 'कार्डिनल' गाडी आठवड्यातून तीन दिवस जाते, पण कुणी चढणारं-उतरणारं असेल तरच थांबते.

कोळशाचा मनोरा मात्र शेडच्या बऱ्याच नंतरपर्यंत उभा होता. ५०० टनांचा, काँक्रीटचा. तो न पाडण्याचं कारण प्रेम नव्हे. मनोरा चालू लाइनच्या डोक्यावर. पाडायचा तर रहदारी थांबवावी लागते, आणि सळया घातलेलं काँक्रीट पाडायला बांधण्यापेक्षा जास्त खर्च.

वाफाळ

मनोऱ्याचं काम राहिलं होतं. वाघीण रुळाखालच्या खड्ड्यात कोळसा ओतते, तिथून बादली तो वर चढवते, वरच्या कोठीतून नुसत्या वजनाने घसरणीवाटे टेंडरमध्ये. मिनिटा-दोन मिनिटांत टेंडर भरतं. हमालांनी फावड्याने भरायचं तर तास-दोन तास. अडचण यायची ती ओल्या चुऱ्याची. तो कोठीच्या तोंडाशी कमान धरतो, खालचा उतरतो, वरचा लटकून राहतो. मग कुणीतरी वर चढून लांब पहारीने तो पाडायचा, आणि कमान अचानक सुटली तर त्याबरोबर माणूसही कोठीत जायचा. म्हणून एकट्याने चढायचं नाही आणि कमरेला दोर हवाच.

चौकस

शेवटचा प्रश्न. एखाद्या ठिकाणी सगळं पाडून टाकलेलं असेल तर तिथे एकेकाळी वाफेचं जंक्शन होतं हे कसं ओळखायचं?

नकाशेबाज

उपग्रहाच्या चित्रात आधी गोल शोधा. टर्नटेबलचा खड्डा बुजवला तरी गवताचा रंग वेगळा दिसतो. मग झाडांची किंवा शेताच्या बांधाची अशी वळणदार रेघ शोधा, जिला रस्त्याचं किंवा ओढ्याचं कारण नाही. दोन रेघा एकमेकींकडे वळत येऊन मिळत असतील तर तो तिकोनाचा हात. गावाच्या मानाने फार रुंद, लांबट, रिकामी पट्टी लाइनलगत असेल तर ते यार्ड.

वाफाळ

आणि प्रत्यक्ष गेलात तर खाली बघा. यार्डात खडीऐवजी राखच पसरायचे, ती फुकट मिळायची आणि पाणी लगेच मुरवायची. माती काळी, भुसभुशीत, चालताना कचकचते. मधेमधे काचेसारखे चमकणारे, भोकं पडलेले, वजनाला हलके खडे सापडतात, तेच क्लिंकर. राखखड्ड्याची जागा हवी असेल तर जिथे असे खडे मुठीपेक्षा मोठे आणि सगळ्यात दाट आहेत तिथे उकरा, फूटभर खाली भाजक्या विटांची कड लागते.